वीस मीटरवरची घरघर

कॉव्हेंट्री
८ सप्टेंबर २०२५

चि. आसावरी,

आशीर्वाद घे, चहाचा कप घे आणि मगच वाचायला बस. पत्र लांबणार आहे.

गणपतीत मंडळात भेटलीस तेव्हा म्हणालीस, "काका, मेसेज करा ना, पत्र कोण लिहितं आता?" मी लिहितो. मेसेजला माणूस भुयारी ट्यूब-रेल्वेत लटकत उत्तर देतो आणि अंगठा दाखवून मोकळा होतो. पत्राला उत्तर द्यायचं तर आधी टेबल रिकामं करावं लागतं. तुझा बाप श्रीकांत, माझा हा चुलतभाऊ, पुण्याहून अजूनही मला हाताने लिहितो. त्याची मुलगी म्हणून तुझ्याकडून एवढी अपेक्षा ठेवायला हरकत नाही.

आता दुखणं सांगतो. दुखणं माझं नाही, माझ्या रेडिओचं.

तुला माहीत आहे, आयुष्यभर हॉस्पिटलमध्ये लोकांना भूल देऊन झोपवलं. रिटायर झाल्यावर ठरवलं, आता जाग्या माणसांशी बोलायचं. परीक्षा देऊन हौशी रेडिओचं लायसन्स काढलं, बागेतल्या शेडमध्ये सेट मांडला, धुराड्यापासून मागच्या सिकॅमोरच्या झाडापर्यंत तार ताणली. दुपारी जेवून शेडमध्ये जायचं, हेडफोन चढवायचे आणि वीस मीटरच्या पट्ट्यावर, म्हणजे दूरदेशी पोचणाऱ्या रेडिओलहरींवर, हाक मारायची. कधी फिनलंडचा सुतार भेटतो, कधी ब्राझीलमधला शाळामास्तर. मध्ये इंटरनेट नाही, कंपनी नाही, कुणाची मेहेरबानी नाही. नुसती तार आणि आकाश. हे सुख मी तुला समजावू शकणार नाही, तू आपली स्क्रीनवर राक्षस मारत बस.

तर या सुखात जुलैअखेरपासून घरघर शिरली आहे. दुपारी जेवणं झाली की सुरू होते आणि चारपर्यंत जात नाही. इतकी जोरात, की तिच्याखाली माणसाचा आवाज बुडून जातो. सकाळी शांत, संध्याकाळी शांत. माझी नेमकी वेळ तेवढी बरोबर गाठते.

माझा संशय शेजारच्या बलदेव गिलवर आहे. उन्हाळ्यात त्याने छपरावर सोलर पॅनल बसवले. दुपारी ऊन, उन्हाने वीज, विजेने घरघर. केस उघड आहे. पण गिल इतकी वर्षं शेजारी आहे, त्याच्या मुलीच्या लग्नात मी फेटा बांधून नाचलोय. त्याला "तुझे पॅनल काढ" कसं म्हणायचं? तू कॉम्प्युटरवाली, तर्काने चालणारी. काही सुचतं का सांग.

तुझी काकू सुहास बरी आहे. हल्ली फार खुशीत असते. तुला आशीर्वाद सांगते.

तुझा,
कमलाकरकाका


स्टॅनमोर
१६ सप्टेंबर २०२५

प्रिय काका,

टेबल रिकामं केलं. लॅपटॉप बेडवर, इस्त्रीचे कपडे खुर्चीवर आणि मी पेन शोधण्यात अर्धा तास घालवला. तुम्हाला आणि काकूंना नमस्कार.

पहिली गोष्ट, मी राक्षस मारत नाही. मी गेम बनवते. दिवसभर सिटीतल्या बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळायचं, आणि वीकेंडला स्वतःसाठी काहीतरी करायचं. माझ्या गेमचं नाव 'दिवे गेले'. एका छोट्या गावाचे दिवे गेलेत. तार कुठे तुटली, फ्यूज कुठे उडाला हे कमीत कमी प्रश्न विचारून शोधायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं. बस, एवढाच खेळ. मराठीतही आहे. आपल्या मंडळाच्या ग्रुपवर लिंक टाकली होती, तुम्ही अर्थातच बघितली नसेल.

त्यात एक जण भन्नाट खेळतो. नाव घेतलंय 'शेपू'. मी दोन आठवडे डोकं फोडून बनवलेलं कोडं हा शेपू दुपारच्या चहाआधी सोडवतो, वर मला चुका काढून पाठवतो. परवा लिहिलं होतं, "पिठाच्या गिरणीचा दिवा लागतो, पण गिरणीला तार येते कुठून ते दाखवलेलं नाही. भुताने जोडली का?" मी जाऊन पाहिलं, खरंच तार नव्हती! काका, ऑफिसात एवढं बारीक बघणारं कुणी असतं तर माझे वीकेंड मोकळे असते.

आता तुमची केस. आमच्या धंद्यात नवशिका म्हणतो, बिघाड दुसऱ्याच्या कोडमध्ये आहे. मुरलेला म्हणतो, आधी माझं बघतो. गिल अंकलना काही बोलण्याआधी तुमच्या घराचा मेन स्विच बंद करा, रेडिओ बॅटरीवर लावा आणि ऐका. घरघर थांबली तर चोर घरातच आहे.

हे केलंत का? पत्रात लिहिलेलं नाही, म्हणून विचारते. गिल अंकलवर मात्र अन्याय नको, त्यांच्याकडची मक्याची रोटी मला अजून आठवते.

तुमची,
आसावरी


कॉव्हेंट्री
६ ऑक्टोबर २०२५

चि. आसावरी,

पत्र मिळालं, अक्षर बापावर गेलंय, म्हणजे वाचायला भिंग लागलं.

आधी शेपूबद्दल. हा गृहस्थ नक्की रिटायर्ड जज्ज असणार, नाहीतर रेल्वेतला सिग्नलचा इंजिनियर. असा स्वच्छ विचार करणारी माणसं आता कमी राहिली. फक्त नाव असलं का घेतलं देव जाणे. शेपूची भाजी ताटात दिसली की मी जेवणावरून उठतो, हे सुहास तुला सांगेल. त्या सद्गृहस्थांना माझा नमस्कार कळव, आणि अशा बुद्धीचा माणूस गेम खेळण्यात दुपार घालवतो याचं मला वाईट वाटतं हेही कळव.

आता घराचं. मेन स्विच बंद करायला मी निघालो होतो. सुहास दारात उभी राहिली. "अहो, फ्रीझरमध्ये हापूसचा रस आहे. वर्षभराचा. स्विचला हात लावायचा नाही!" मी म्हटलं, दहा मिनिटांनी आमरसाला काय होतंय? ती म्हणाली, "तुम्हाला काय माहीत, रस तुम्ही काढला होता का?" मी परत फिरलो. शिवाय गरजही नाही. घरातली प्रत्येक वस्तू मला ठाऊक आहे, मीच प्लग लावलेत. आमचं घर स्वच्छ आहे.

गिलला मात्र विचारलं. धीर करून, तीनदा घसा साफ करून. तो मोठ्याने हसला. म्हणाला, "डॉक्टरसाब, आपके लिए पूरा घर बंद कर दूँ!" आणि खरंच सगळं बंद केलं, पॅनल, फ्रिज, टीव्ही, सगळं. मी शेडमध्ये बसलो होतो. घरघर तशीच. मला इतकी लाज वाटली की त्याच्यासाठी मिठाईचा डबा घेऊन गेलो. त्यानंतर मी छोटा रिसीव्हर हातात घेऊन गल्लीतून फिरलो. लोकांना वाटलं, डॉक्टरांचं डोकं गेलं. सगळ्या घरांवरून मंद येते, आमच्याकडे परत आलं की वाढते. म्हणजे आमच्या तारेलाच ती जास्त पकडता येते, एवढंच.

मधे काही दिवस ती बंद होती. सप्टेंबरच्या शेवटी सुहास आमच्या लेकीकडे, स्वरालीकडे, एडिंबराला गेली होती, त्या आठवड्यात आकाश कसं निवळलेलं होतं! मला वाटलं, संपलं. मग पुन्हा सुरू. गुरुवारी तेवढी नसते. सुहासचा योगाचा क्लास असतो, मी एकटाच असतो, तेवढी एक दुपार मिळते. वातावरणाचे वरचे थर, सूर्यावरचे डाग, यांचं काही चक्र असेल. मी आलेख काढला, जमेना.

तेव्हा ठरवलं आहे. आठवड्यात एका दुपारसाठी एवढा पसारा नको. हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे करतात त्या शनिवारी, पंचवीस तारखेला, आमच्या रेडिओ क्लबमधला डेरेक येईल, तार उतरवेल आणि सेट घेऊन जाईल. क्लबमधल्या नव्या पोरांना उपयोगी पडेल. मी सगळ्यांना सांगतो, मला काही वाटत नाही. तुला खरं सांगतो, फार वाटतं. परवा शेडमध्ये हेडफोन पुसून ठेवताना डोळे भरून आले. पण माणसाने आवडती गोष्टही वेळेवर सोडावी.

त्यातल्या त्यात एक बरं झालं. दुपारी शेडमधून वैतागून परत येतो तर सुहासने चहा ठेवलेला असतो. आम्ही बोलत बसतो. परवा कालव्यावर फिरून आलो, बदकं पाहिली. तिला हॉस्पिटलातले कितीतरी किस्से मी कधी सांगितलेच नव्हते, हे आता कळलं.

तुझा,
काका


स्टॅनमोर
११ ऑक्टोबर २०२५

प्रिय सुहासिनीकाकू,

हे पत्र फक्त तुमच्यासाठी आहे. दुपारी पोस्ट येते तेव्हा काका शेडमध्ये असतात, म्हणून तुमच्या हातात पडेल असं धरून चालते.

काकू, शेपू तुम्हीच ना?

रागावू नका. मी हेरगिरी केलेली नाही, गणित आपोआप सुटलं. शेपू दुपारी खेळतो, गुरुवारी कधीच नाही, आणि सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गायब होता. मला वाटलं, कंटाळला. मग काकांचं पत्र आलं. त्यांची घरघर दुपारी येते, गुरुवारी नसते, आणि तुम्ही स्वरालीताईकडे गेलात त्या आठवड्यात बंद होती. ते सूर्याचे डाग मोजत बसलेत! मी ट्रेनमध्ये वाचत होते, एवढ्या मोठ्याने हसले की शेजारच्या बाईंनी जागा बदलली.

आता कृपा करून ऐका, तुम्हाला हे माहीत असण्याचं कारण नाही. तुम्ही ज्यावर खेळता त्याचा चार्जर स्वस्तातला आहे का? असे चार्जर कधीकधी रेडिओवर भयानक आवाज करतात. तुम्ही प्लग लावता आणि शेडमध्ये काकांच्या कानात घरघर सुरू होते, असा माझा अंदाज आहे. तुमचं उत्तर आलं की मी नवा, चांगला चार्जर पाठवते. तो आला की जुना टाकून द्या. कुणाला काही सांगायची गरज नाही. तुम्हाला गेमचं गुपित ठेवायचं असेल तर माझ्याकडून बाहेर जाणार नाही.

फक्त उशीर करू नका. पंचवीस तारखेला डेरेक सेट न्यायला येतोय. काका लिहितात की त्यांना चालेल. त्याच्या पुढच्याच ओळीत लिहितात की डोळे भरून आले.

आणि काकू, तुम्ही ग्रेट आहात. गिरणीची तार मी जोडली.

तुमची,
आसावरी


कॉव्हेंट्री
१६ ऑक्टोबर २०२५

प्रिय आसावरी,

एका डोळ्याने चकल्यांकडे बघत लिहिते आहे, तेलाचा डाग पडला तर समजून घे.

तुझं पत्र वाचून मलाही हसू आलं. बाळ, तू मला इतक्या हळुवारपणे समजावलंस, जशी काही मी नकळत चूक करतेय. मला ऑगस्टपासून माहीत आहे.

स्वरालीने दिलेला टॅबलेट ड्रॉवरमध्ये पडून होता. त्याचा चार्जर बिघडला होता म्हणून मार्केटमधून एक आणला. तुझा गेम लावला आणि मला वेडच लागलं. माझं बी.एस्सी. गणितात झालंय हे तुझे काका विसरले असतील, मी नाही विसरले. गुपित ठेवलं कारण गेम म्हटलं की ते जे हसतात ना, ते मला नको होतं. स्वरालीकडेही नेला नाही, ती तर फोटो काढून सगळ्यांना पाठवेल.

मग हे रोज येऊन सांगायला लागले, आज घरघर आली, आज आली. मला शंका आली. तुझ्याच खेळात शिकले होते, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. एक दिवस खेळले, पण प्लग न लावता. ते म्हणाले, आज शांत होतं. दुसऱ्या दिवशी प्लग लावला, खेळले नाही. घरघर आली. झालं, सुटलं कोडं.

त्याच संध्याकाळी सांगणार होते. देवाशपथ सांगणार होते. पण त्या दुपारी हे शेडमधून लवकर आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "काय गं, तुझा दिवस कसा गेला?" आसावरी, मी हातातला कप त्यांच्यापुढे ठेवला आणि समोर बसले. आधी हॉस्पिटल होतं, रात्री-अपरात्री बोलावणं, तिथे माझी तक्रार नव्हती, लोकांचे जीव होते. वाटलं होतं, रिटायर झाले की माझे होतील. तर शेड झाली. ब्राझीलच्या माणसाला हे रोज विचारतात, तुमच्याकडे हवा कशी आहे. मला कुणी विचारत नाही, कारण आमची हवा एकच. रेडिओचा मला राग नाही गं. हेवा वाटायचा.

म्हणून गप्प बसले. आमरसाचं कारण काढलं. फ्रीझरला दहा मिनिटांनी काही होत नाही, हे मलाही कळतं. एका तासाच्या चहासाठी मी एवढं केलं, आणि मला त्याचा पश्चात्ताप पुरेसा होत नाही, याचाच पश्चात्ताप होतो.

पण त्यांनी सेट देऊन टाकावा असं मला कधीही वाटलं नव्हतं. डेरेकला फोन केल्याचं त्यांनी सांगितलं तेव्हा कळलं, हे फार पुढे गेलं. हेडफोन पुसताना मी त्यांना खिडकीतून पाहिलं होतं. मला त्यांच्या दुपारमधला थोडा वाटा हवा होता, त्यांची दुपार हिसकावून घ्यायची नव्हती.

नवा चार्जर पाठवू नकोस. गुपचूप बदलला तर हे म्हणतील सूर्याचे डाग गेले, शेडमध्ये जाऊन बसतील आणि मी पुन्हा होते तिथेच. मी स्वतःच सांगेन. पाडव्याला ओवाळते तेव्हा. त्या दिवशी ताटात काय घालायचं ते बायको सांगते, आणि नवऱ्याने नाही म्हणायचं नसतं. तोवर तू काहीही लिहू नकोस. भीती वाटतेच आहे. इतक्या वर्षांत मी त्यांना फसवलं असं कधी झालं नाही.

चकल्या बऱ्या झाल्यात. डबा वेगळा पाठवते.

तुझी,
काकू, म्हणजे शेपू


कॉव्हेंट्री
२ नोव्हेंबर २०२५

चि. आसावरी,

लबाड मुली, तुला सगळं माहीत होतं.

पाडव्याला मी नवा शर्ट घालून पाटावर बसलो. सुहास ताट घेऊन आली. निरांजन, सुपारी, अंगठी, अक्षता, आणि त्यांच्या शेजारी वायर गुंडाळलेला एक पांढरा चार्जर. मला वाटलं, यंदा उलटी रीत, मलाच भेट आहे. म्हटलं, "वा, माझ्यासाठी?" ती म्हणाली, "अहो, नाही. हीच तुमची घरघर." मग ओवाळायचं सोडून तिने उभ्याउभ्या सगळं सांगितलं. शेपू, गेम, आमरस, चहा. बोलता बोलता रडायला लागली. निरांजन हलायला लागलं म्हणून ताट मी हातात घेतलं. म्हणजे पाडव्याला बायकोने नवऱ्याला ओवाळण्याऐवजी नवराच ताट धरून उभा आणि बायको पदराने डोळे पुसतेय, असं दृश्य होतं.

मला राग आला का? आला, क्षणभर. मी मिठाईचा डबा घेऊन शेजाऱ्याची माफी मागून आलो होतो, गल्लीभर रिसीव्हर घेऊन फिरलो होतो! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, मी तर वळसा घालून त्याचा आलेखही काढला होता. भूल देताना आमचा पहिला नियम असा होता की आकडा विचित्र दिसला तर मशीनकडे नंतर, आधी पेशंटकडे बघायचं. आयुष्यभर पोरांना हेच शिकवलं, आणि घरातल्या माणसाकडे बघायचं राहून गेलं. हे कळलं आणि राग गेला. मग लाज वाटली. मग, खोटं कशाला बोलू, छाती फुगली. तो रिटायर्ड जज्ज माझी बायको निघाली!

"ताटात काय घालू?" मी विचारलं. म्हणाली, "डेरेकला फोन करा. सेट द्यायचा नाही. आणि मला आठवड्यातून..." ते वाक्य मी तिला पुरं करू दिलं नाही. म्हटलं, आठवड्यातून नाही, रोज.

डेरेक शनिवारी आलाच, पण तार उतरवायला नाही. चकल्या खाऊन आणि गिलशी क्रिकेटवर वाद घालून गेला. मी तुझा 'दिवे गेले' लावून बसलो आहे. तिसऱ्या पातळीवर अडकलोय. सुहासला विचारलं तर म्हणते, एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि निघून जाते.

चांगला चार्जर मी स्वतः आणला. टॅबलेट आता त्यावरच चालतो. जुना मी टाकायला निघालो होतो, सुहासने हातातून काढून घेतला. म्हणाली, "राहू दे. तुम्ही हेडफोन घालून बसता, हाक मारली तर ऐकू येत नाही." असला चार्जर वापरणं नियमात बसत नाही, हे मला माहीत आहे. पण गिलला विचारलं, डेरेकला विचारलं, त्याचा त्रास एकट्या मलाच होतो, आणि माझी तक्रार नाही.

काल दुपारी तो ब्राझीलचा मास्तर फार स्पष्ट लागला. त्याच्या अंगणातल्या आंब्याला मोहोर आलाय, तिकडे आता वसंत आहे, असं सांगत होता. मी अगदी रंगून ऐकत होतो आणि कानात घरघर सुरू झाली. थांबली. पुन्हा सुरू झाली. मी म्हटलं, माफ करा, मला आता जायला हवं. त्याने विचारलं, काय झालं, पट्टा बंद पडला का?

मी म्हटलं, नाही हो, जवळचं एक स्टेशन मला बोलावतंय, आणि मला ते अगदी स्पष्ट ऐकू येतंय.

तुझा,
कमलाकरकाका